विचारा की! या वेळी सगळं रतनवाडीबद्दल

मागच्या अंकात मी आपलं सहज एका ओळीत लिहून गेले की नाशिककरांनी पावसाळ्यात एक दिवस तरी रतनवाडीला काढावा, तर त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतेय. कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते आणि सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरत नाही हे प्रश्न पुढच्या वेळी, रागवू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी एवढंच. रतनवाडी म्हंजे रतनगडाच्या पायथ्याचं छोटं गाव, भंडारदरा धरणाचं पाणी जिथे शेवटी डोंगराला टेकतं तिथे. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. पण जिल्हा त्यांचा असला तरी घोटीवरून आपल्यालाच जवळ पडतं, आणि रविवारी तिथे बघाल तर निम्म्या गाड्या एमएच १५ च्या.

प्रश्न: ताई, आम्ही सहा जण आहोत. मी, मिस्टर, मुलं (९ आणि १३ वर्षं), सासूबाई ७२ वर्षांच्या, त्यांचे गुडघे दुखतात, आणि नणंद. ऑगस्टमध्ये एका दिवसात जाऊन यायचंय. मिस्टरांनी लिस्ट केलीये: कळसूबाईचा पायथा, रंधा धबधबा, धरण, अंब्रेला फॉल, रतनवाडी, घाटघरचा कोकणकडा, सांदण दरी. बसेल का सगळं? (एक सून, इंदिरानगर)

बसेल. गाडीत बसेल. म्हंजे तुम्ही दिवसभर गाडीतच बसाल आणि सगळं काचेतून बघाल.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय. पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्याकडेही अशीच सात नावांची चिठ्ठी होती, दहाला घरातून निघालो (नऊला निघायचं ठरलं होतं, पण डबे भरता भरता दहा झाले), मग पाथर्डी फाट्यावर ट्रॅफिक, मग घोटीत वडापाव, मग प्रत्येक धबधब्यापाशी पंधरा मिनिटं पार्किंग शोधायला आणि पाच मिनिटं फोटो काढायला, आणि रतनवाडीत पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले, धुकं इतकं की हजारेक वर्षं जुनं मंदिर आम्ही मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघितलं. धाकटा गाडीत झोपलेला, त्याने तेही बघितलं नाही. परत येताना बारीच्या घाटात पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून गाडी चालवली, यांचे हात घरी आल्यावर पण स्टेअरिंग धरल्यासारखे होते.

तर माझं म्हणणं असं की मिस्टरांना लिस्ट करू द्या, त्यांचं मन मोडू नका, पण जायचं एकाच ठिकाणी, रतनवाडीला. बाकी जे रस्त्यात दिसेल ते बोनस.

वेळापत्रक सांगते. सकाळी सहाला नाशिक सोडा, सहा म्हंजे सहा, आदल्या रात्री सासूबाईंनाच सांगा की सगळ्यांना उठवायचं काम तुमचं, बघा कसे पाच वाजता सगळे उठतात. मुंबई-आग्रा हायवेने विल्होळी, गोंदे करत घोटी, पाऊण-एक तास. नाश्ता तिथेच उरका आणि पेट्रोल पण तिथेच भरा, पुढे भरवसा नाही. घोटीतून आत वळलं की रस्ता बारीक होतो, दोन्ही बाजूंना भातखाचरं, आणि समोर कळसूबाईची रांग उभी राहते. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण ऑगस्टात ते तुम्हाला दिसेलच असं नाही, बहुतेक ढगात असतं. बारी गाव त्याच्याच पायथ्याला, म्हणजे मिस्टरांच्या लिस्टमधलं एक नाव गाडी न थांबवताच झालं! बारीचा घाट उतरलात की शेंडी, ज्याला आपण सगळे भंडारदरा म्हणतो ते हे गाव. नाशिकपासून इथपर्यंत साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. इथे चहा प्या आणि सासूबाईंना नि नणंदेला वॉशरूमला जाऊन येऊ द्या, पुढे सोय मिळेल ती मिळेल.

शेंडीतून मुतखेल, कोलटेंभेवरून रतनवाडी अजून वीसेक किलोमीटर, डावीकडे डोंगर, उजवीकडे झाडांमधून अधूनमधून धरणाचं पाणी. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासूनचं अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीची पावती फाडावी लागते. पावती डॅशबोर्डवर ठेवा, पुढे परत विचारतात. नऊच्या आत रतनवाडीत पोचाल आणि तेव्हा गाव तुम्हाला रिकामं मिळेल, गर्दी अकराला सुरू होते.

पोचल्या पोचल्या पहिलं काम, जेवण सांगून ठेवा. गावात बऱ्याच घरांमध्ये जेवण करून देतात, पण हॉटेलसारखं तयार नसतं, आधी सांगावं लागतं, किती माणसं, किती भाकऱ्या. सांगून मग मंदिरात जा. अमृतेश्वराचं मंदिर गावातच आहे, सपाटीवर, गुडघे दुखणाऱ्यांना पण जमतं, फक्त दगड निसरडे असतात तेव्हा सासूबाईंचा हात तेरा वर्षांच्या नातवाने धरायचा, ते त्याचं दिवसभराचं काम. मंदिर झालं की पुष्करणी, म्हंजे पायऱ्यांचं दगडी कुंड, मग गावाच्या कडेने ओढ्यापर्यंत नुसतं चालत जा. जेवण, मग ओसरीवर तासभर लोळणं. साडेतीनला परत निघायचं, म्हंजे बारीचा घाट उजेडात पार होतो.

जेवणाबद्दल थोडं जास्त सांगते कारण मला त्या घराची आठवण येतेय. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा ज्या मावशींकडे जेवलो त्यांची चूल पडवीतच होती, लाकडं ओली, धूर इतका की आम्ही बाहेरून डोळे पुसत होतो आणि त्या आत निवांत. नागलीचं पीठ काठवटीत मळून हातावरच थापत होत्या, पोळपाट नाही काही नाही, दोन्ही तळव्यांच्या मधे भाकरी फिरत फिरत मोठी होत जायची आणि तव्यावर पडताना फक्त एक ओला चट्ट असा आवाज. माझ्या मुलीने मागून घेतली एक करायला, ती तळहाताएवढी झाल्यावर तुटली. मावशी म्हणाल्या, "राहू दे, तुझी तूच खा." तीच तिने खाल्ली, पिठलं आणि ठेच्याबरोबर, घरी नागलीला नाक मुरडणारी पोरगी. भात इंद्रायणीचा, मऊ, नुसता वरण घालून. श्रावण पाळत असाल तर आधी सांगा, नाहीतर पाहुणे आले म्हणून कोंबडी कापायची तयारी असते.

बाकी रंधा धबधबा शेंडीच्या पुढे राजूरच्या रस्त्याला आहे, परत येताना वेळ उरला तर बघा, १७० फुटांवरून प्रवरा खाली पडते, कठड्याच्या आत उभं राहून बघायचं, आत उतरायचं नाही. अंब्रेला फॉल मात्र धरणातून पाणी सोडलं असेल तरच असतो, तो काही नैसर्गिक धबधबा नाही, धरणाच्या मोरीतून सुटलेलं पाणी गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं म्हणून ते नाव. कधी असतो कधी नसतो. मुलांना आधीपासून प्रॉमिस करू नका.

आणि हो, छत्र्या घरी ठेवा. वारा पहिल्या दहा मिनिटांत त्यांचं उलटं फूल करतो. रेनकोट घ्या, कपड्यांचा एक जोड गाडीत कोरडा ठेवा, सुटे पैसे ठेवा कारण रेंज लहरी आहे, स्कॅनर असला तरी पेमेंट फिरत बसतं. आणि १५ ऑगस्टला जाऊ नका! त्या दिवशी अख्खं नाशिक आणि अर्धी मुंबई तिथे असते, पोलिसांना रस्ता एकेरी करावा लागतो.

प्रश्न: आम्ही चार मित्र, बाईकवर जुलैत रतनगड ट्रेक प्लस सांदण व्हॅली एका दिवसात मारणार. रील्समध्ये बघितलंय, होतं आरामात. काही टिप्स? (गंगापूर रोड)

सांदण जुलैत नाही. टिप ही एकच, पण नीट ऐक.

सांदण म्हंजे साम्रद गावाजवळची अरुंद घळ, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, जमिनीला पडलेली भेगच. वर डोंगरावर पाऊस पडला की सगळं पाणी त्या भेगेतून जातं आणि तुम्ही आत असाल तर बाहेर पडायला बाजूच नाही. वर पाऊस पडतोय हे आत कळत पण नाही. पावसाळ्यात तिथे बंदी असते ती उगाच नसते. रीलवाल्याने डिसेंबरमध्ये शूट केलंय रे बाबा, खडक कोरडे दिसतात त्याच्यात. थंडीत जा, तेव्हासुद्धा गावातला वाटाड्या घेऊन.

रतनगड जुलैत अवघड आहे, अनुभव असेल तर होतो. जंगलातली वाट धुक्यात चुकते, वर लोखंडी शिड्या आहेत आणि त्या ओल्या असतात. वाटाड्या घ्या, चौघांत भागला की काही वाटत नाही. आणि बाईक रतनवाडीत ठेवून दुपारी दोनला जिथे असाल तिथून मागे वळायचं, वर पोचला असाल किंवा नसाल. माझं ऐकाल तर सप्टेंबर अखेर जा, पाऊस ओसरलेला असतो, माथ्यावर सोनकीची पिवळी फुलं असतात, आणि खाली पाणी दिसतं. जुलैत तुम्ही चार तास चढून पांढरा पडदा बघणार आहात.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. रतनवाडीचं मंदिर हेमाडपंती आहे असं सगळीकडे वाचतो. खरोखर हेमाडपंताने बांधलेलं आहे का? नातवंडांना काय दाखवावं? (सिन्नर)

सर, तुम्ही सिन्नरचे, म्हणजे उत्तर तुमच्या दारातच आहे.

आपल्याकडे काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की ते हेमाडपंती, आणि कुणी बांधलं विचारलं तर पांडवांनी एका रात्रीत, एवढ्यावर काम भागतं. पण हेमाडपंत म्हणजे हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारातला, तेराव्या शतकातला. अमृतेश्वर त्याच्या कितीतरी आधीचं, शिलाहारांच्या काळातलं मानतात. झंज नावाच्या राजाने गोदावरी आणि भीमा यांच्या दरम्यानच्या बारा नद्यांच्या उगमापाशी बारा शिवालयं बांधली अशी परंपरा सांगतात, त्यातलंच हे एक. नदी कुठली, तर प्रवरा. ती रतनगडावर उगम पावते.

आता सिन्नरचं गोंदेश्वर डोळ्यासमोर आणा. शिखर कसं आहे? खालपासून वरपर्यंत उभ्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांच्या मधे छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, एकावर एक, वर जाताना बारीक होत गेलेल्या. या पद्धतीला भूमिज म्हणतात. रतनवाडीला शिखर बघाल तर तेच घराणं, फक्त गोंदेश्वर मोठ्या चौथऱ्यावर चार छोट्या देवळांच्या मधे राजासारखं बसलंय, आणि हे लहान, एकटं, मागे डोंगर आणि पुढे भातखाचर. नातवंडांना आधी गोंदेश्वर दाखवा आणि पुढच्या आठवड्यात हे, आणि म्हणा काय सारखं आहे ते तुम्हीच शोधा. शिक्षक आहात, तुम्हाला काय सांगायचं.

आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबा. घाईने टॉर्च मारू नका. हळूहळू खांबांवरची नक्षी वर येते. आम्ही पावसाळ्यात गेलो होतो तेव्हा गाभाऱ्यात पाणी होतं, पिंड पाण्याखाली, गाभारा खोल असल्यामुळे पावसात तिथे पाणी भरतं. थंडगार पाणी आणि त्यावर कुणीतरी वाहिलेली दोन बेलाची पानं तरंगत, वाऱ्याने नाही, आत वारा नव्हताच, तरी ती हळूहळू गोल फिरत होती. माझी सासू तिथून हलेना. बाहेर पुष्करणी आहे, तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांमध्ये मूर्ती आहेत, लोक तिथे फक्त सेल्फी काढतात आणि पुढे जातात, तुम्ही नातवंडांना घेऊन पायरीवर बसा आणि एकेक कोनाडा बघा. श्रावणी सोमवारी मात्र जाऊ नका, देवाला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एक गंमत. प्रवरा रतनगडाहून निघते, गोदावरी आपल्या त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीहून, आणि दोघी भेटतात खाली नेवाशाजवळ प्रवरासंगमला. म्हणजे रतनवाडीच्या ओढ्यात सोडलेलं पान आणि रामकुंडात सोडलेलं पान कागदावर तरी भेटू शकतात. मधे धरणं इतकी आहेत की पान बिचारं कुठेतरी कालव्याला लागेल, पण नातवंडांना नकाशा काढायला लावायला विषय चांगला आहे.

प्रश्न: धरण कुणी बांधलं? माझे आजोबा म्हणायचे इंग्रजांनी चुन्यात बांधलंय म्हणून टिकलं. (देवळाली कॅम्प)

इंग्रजांच्या काळातलं, बरोबर. १९१० ला काम सुरू, १९२६ ला पूर्ण, दगडी बांधकाम, त्यावेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्‌घाटन म्हणून विल्सन डॅम. जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. साठा साधारण ११ टीएमसी (म्हंजे अब्ज घनफूट), पाणी खाली निळवंडे धरणात जातं आणि तिथून पुढे अकोले, संगमनेर, राहुरीकडच्या शेतीला. शंभर वर्षं झाली. बांधलं कुणी म्हणाल तर इंग्रजांनी आराखडा केला, दगड वाहिले आपल्याच लोकांनी, आजोबांना हे नक्की माहीत असणार.

प्रश्न: मी सातपूरला कंपनीत आहे, गाडी नाही. बायको आणि आई (७६) यांना घेऊन एसटीने जाता येईल का? किती खर्च येईल?

येईल, आणि खर्च तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा कमी. आईंना पंचाहत्तर झाली म्हणजे एसटीत तिकीटच नाही, ही सवलत २०२२ पासून आहे, आधार कार्ड बरोबर ठेवा. बायकोला अर्धं तिकीट, महिलांना ते २०२३ पासून सुरू झालं. तर पूर्ण तिकीट काढणारे तुम्ही एकटेच, चिडवतील घरी.

नाशिकहून घोटी गाठा, गाड्या भरपूर. घोटीहून राजूर-अकोल्याकडे जाणाऱ्या गाड्या बारी, शेंडीवरून जातात. सकाळची पहिली पकडा, आणि उतरल्या उतरल्या कंडक्टरला परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारून घ्या, स्टँडवरच्या बोर्डावर विश्वास ठेवू नका. शेंडीपासून रतनवाडीला जीप करावी लागेल, तिथे उभ्या असतात, भाव आधी ठरवा, आणि जाऊन-येऊन थांबण्यासकट ठरवा. दुसरं एखादं कुटुंब रविवारी सहज मिळतं भागवायला. पाऊस नसतो तेव्हा शेंडीहून धरणातून होडीने पण रतनवाडीकडे जातात, आईंना आवडेल, पण पावसाळ्यात त्या नादाला लागू नका.

जीप जमली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. शेंडीत धरणाच्या काठाला बसा, डबा खा, आणि दोन तास जास्त असतील तर त्याच एसटीने पुढे राजूरला जाऊन पेढे घेऊन या. राजूरचे पेढे आई चार दिवस पुरवून खातील, सहलीपेक्षा तेच जास्त लक्षात राहतील त्यांच्या.

प्रश्न: काजवे नक्की कुठल्या तारखेला असतात? मागच्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो, एकही दिसला नाही, पेट्रोल फुकट गेलं. (पंचवटी)

काजव्यांना कॅलेंडर कोण देणार! मेचा शेवटचा आठवडा ते जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत, एवढंच सांगता येतं. वळवाचे एक-दोन सडे पडले, हवेत ओल आली की ते निघतात, आणि धो धो सुरू झाला की संपलं. तुम्ही गेलात तेव्हा पाऊस पक्का बसला होता. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते जास्त, अख्खं झाड एका वेळी पेटतं आणि विझतं, दिवाळीच्या माळेसारखं, पण माळेला लय नसते, याला असते. घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, रतनवाडी, सगळीकडे दिसतात.

पण आता मला जरा बोलू द्या. तो उजेड म्हंजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं आहे. दहा-पंधरा दिवसांचा सगळा मामला, त्यातच जोडी जमवायची, अंडी घालायची आणि मरून जायचं. त्यात आपण शंभर गाड्यांचे हेडलाइट चालू ठेवून जातो, फ्लॅश मारतो, डीजे लावतो, पोरं बाटलीत पकडून घरी आणतात. मागे एकदा आमच्या शेजारच्या गाडीतल्या माणसाने "दिसत नाहीत नीट" म्हणून झाडावर हेडलाइट मारला. दिवा लावून दिवा शोधत होता. मी काही बोलले नाही कारण यांनी माझा हात धरला होता, आज इथे बोलून घेतलं.

जायचंच असेल तर मंगळवार-बुधवारी जा, गाडी लांब लावा, मोबाईल खिशात, वनखात्याने जी वेळ ठरवलेली असेल ती पाळा. आणि हे एका दिवसात होत नाही, रात्री घाट उतरण्यापेक्षा गावात मुक्काम करा.

प्रश्न: तिकडच्या एका गावात शेतात गाडी लावली तर एका माणसाने पन्नास रुपये मागितले. पावती नाही काही नाही. ही लूट नाही का? रस्ता सरकारी, डोंगर सरकारी. (कॉलेज रोड)

रस्ता सरकारी, डोंगर सरकारी, पण तुम्ही गाडी लावलीत शेतात, हे तुम्हीच लिहिलंय.

शेतात म्हंजे नक्की कशात ते बघितलंत का? या भागात पिकतं काय तर भात, नागली, वरई, वर्षातून एकदाच, पावसावर. मे महिन्यात राब भाजायचा, म्हंजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा-शेण जाळायचं, मग रोपं, जुलैत गुडघाभर चिखलात वाकून आवणी म्हंजे भातलावणी, बायका सकाळी सातपासून वाकलेल्या असतात डोक्यावर इरलं (पावसाचं पानांचं आच्छादन) घेऊन. खाचराचा बांध म्हणजे मातीचा, त्यावरून गाडीचं चाक गेलं की तो खचतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं. मग तो माणूस फावडं घेऊन परत बांध घालतो, त्याची पावती तुम्ही दिलीत का? मी स्वतः एक कार अशी रुतलेली बघितली आहे, गावातल्या सहा जणांनी ढकलून काढली आणि गाडीवाल्याने काच खाली करून थँक्यू म्हटलं आणि गेला, रोपांची दोन ओळींत चाकोरी पडलेली तशीच.

पन्नास रुपयांत आपल्याकडे कॉलेज रोडला कॉफीचा कप पण येत नाही. पावती पाहिजे तर ग्रामपंचायतीचं पार्किंग जिथे असेल तिथे लावा आणि दोनशे मीटर चाला. खरी लूट कुठे होत असेल तर ती चार हजारांच्या टेंटमध्ये, जिथे गादी ओली आणि बार्बेक्यू म्हणून कच्चं पनीर देतात, त्याबद्दल मात्र मला एकही तक्रार आली नाही, फोटो चांगले आले असतील.

प्रश्न: सापुतारा की रतनवाडी? एकच सांगा.

पावसाळ्यात रतनवाडी. थंडीत सापुतारा, कारण वाटेवर सुरगाणा-कळवणकडे, बोरगाव-हतगडच्या रस्त्याला शेतकरी ताजी स्ट्रॉबेरी विकायला बसलेले असतात, ती खात खात जा. सापुताऱ्यात बोटिंग, रोपवे, बाजार सगळं आहे, मुलं खूश होतात. ओसरीवर लोळायचं असेल तर ते तिथे नाही.

प्रश्न: मी चौथीत आहे. बाबांनी फोटो दाखवला, रतनगडाला वर मोठ्ठं भोक आहे. ते कुणी पाडलं?

वाऱ्याने आणि पाण्याने पाडलं, आणि त्यांना खूप म्हणजे खूप वेळ लागला. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर संपले साधारण त्या काळात. काही थर कडक, काही भुसभुशीत. मधला भुसभुशीत दगड पावसाने आणि वाऱ्याने झिजत झिजत गेला आणि वरचा कडक दगड कमानीसारखा तसाच राहिला. त्यात माणसं जाऊन बसतात, पण आत वारा इतका असतो की टोपी धरून बसावं लागतं. तू मोठा झालास की जा, बाबांना घेऊन.

त्या भोकाला नेढं म्हणतात. आता हा शब्द कुठून आला ते घरी आजीला विचार, आणि विचारायच्या आधी तिला सुईत दोरा ओवून दे.